आधी नंदी

पती गेल्यावर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला पुन्हा कॉलेजात घातलं तेव्हा भावकी त्यांना हसली. लग्नासाठी मी बी.एस्सी. अर्धवट सोडलेली, त्याला वर्षं लोटली होती. डिग्री मिळाली तर शाळेत नोकरी, नाहीतर मुलीला घेऊन होटगीला भावाच्या दारात. आणि शेवटच्या वर्षाला डिफरन्शियल इक्वेशन्स पुढ्यात आली. सर फळ्यावर दोन ओळी लिहीत आणि म्हणत, "आता इंटिग्रेट करा, झालं." माझं झालं काहीच नव्हतं. मागचं इंटिग्रेशन पार पुसलं गेलेलं. मी नुसती उत्तरं पाठ करत होते. चाचणीत भोपळा मिळाला. मामंजी एवढंच म्हणाले, "व्हईल की पोरी. सिद्धराम हाय." मला त्या देवाचाच, सिद्धरामाचाच राग आला होता.

सोमवारी त्याच्याच, सिद्धेश्वराच्या देवळात गेले ती कॉलेज सोडते असं त्याला सांगायलाच. तरातरा गाभाऱ्याकडे निघाले तर मागून कुणीतरी पदर धरला. कपाळभर विभूती लावलेली एक अनोळखी म्हातारी होती.

"नंदीला न बघता कुटं निगालीस गं? आदी त्येच्या शिंगातनं बघ, मग आत जा. लई घाई तुला."

मागे फिरले, नंदीच्या पाठीवर हात ठेवून वाकले. शिंगांमधून पिंड दिसली आणि मला रडूच कोसळलं. वर्गातही मी थेट गाभाऱ्यातच घुसत होते.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारून पहिल्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. पोरं 'काकू आल्या' म्हणून खुसखुसली. खुसखुसू देत म्हटलं. विकलन, संकलन म्हणजे तेच इंटिग्रेशन, अगदी लॉगरिदमपासून सगळं नव्याने गिरवलं, आणि हळूहळू ती समीकरणं सुटायला लागली.

या समीकरणांच्या उत्तरात एक स्थिरांक अज्ञात राहतो. सुरुवातीची स्थिती सांगितलेली असेल तरच तो निघतो, आणि ती गणितातच दिलेली असते, आपण निवडायची नसते. परीक्षेत ते लिहिताना माझा हात क्षणभर थांबला. माझी स्थितीही अशी दिलेलीच होती, आणि मी आजवर तिच्याशीच भांडत बसले होते.

पास झाले. मामंजींनी पहिला पेढा नंदीपुढे ठेवला. त्या म्हातारीला मी देवळात खूप शोधलं, पुन्हा दिसली नाही. तिचे उपकार कसे फेडू? आता देवाकडे वेगळं काही मागत नाही. त्याने दिलंय तिथून सोडवायला बसते.