किमान एक नातेवाईक

एका हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरचे आराखडे मी काढतो. पडद्यावर एक चौकोन आखायचा, त्याला ‘रुग्ण’ असं नाव द्यायचं आणि मग रुग्णाबद्दल काय काय विचारायचं ते त्यात एकेक करून भरायचं. नाव, वय, रक्तगट. ‘नातेवाईक’ या ओळीपुढे मी कधीतरी ‘किमान एक’ असं घालून ठेवलं होतं. तेव्हा त्यावर विचारही केला नाही. माणूस म्हटला की त्याचं कुणीतरी असणारच.

काल त्याच हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीपाशी उभा होतो. माझ्यापुढे एक आजोबा होते.

“नातेवाईक कोण?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“कुणी नाही.”

“काका, ते रिकामं सोडलं तर फॉर्म पुढेच जात नाही हो.”

आजोबा जरा घुटमळले. “मग सुमन लिहा. बायको.” त्यांनी नंबरही सांगितला. खात्री करायला बाईंनी तो लावला, आणि फोन आजोबांच्याच खिशात वाजू लागला.

“तिचाच आहे,” ते ओशाळून म्हणाले. “ती गेली. नंबर बंद करायला मन होत नाही.”

आज सकाळी मी तो चौकोन उघडला. एकाच्या जागी शून्य घालायचं, एवढंच काम होतं. तरी बोट बराच वेळ तिथंच अडून राहिलं. शेवटी घातलं.

आता फॉर्म अडणार नाही. पुढच्या वेळी आजोबा सरळ आत जातील, आणि सुमनचं नाव त्यांना कुणी विचारणार नाही.