मिठबावचे हातवाले

विश्राम लोके यांचे गेल्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता मिठबाव येथील राहत्या घरी निधन झाले. ते एकाहत्तर वर्षांचे होते. ही बातमी मला सात वाजायच्या आत त्यांचा मुलगा मंगेश याने फोनवर दिली. तो खारेपाटणहून निघाला होता आणि फोनमध्ये एसटीचा आवाज येत होता. "बाबा गेले," तो म्हणाला. "मॅच फुडे ढकलूची नाय, असा परवाच माका म्हणाले. तू मंडळात सांग."

मॅच कबड्डीची होती. मिठबाव विरुद्ध खारेपाटण, तीन आठवड्यांनी, मिठबावच्याच मैदानावर. मिठबावच्या संघाचे प्रशिक्षक विश्राम लोके होते आणि खारेपाटणच्या संघाचा कर्णधार त्यांचा मुलगा. मुलाला त्या संघात त्यांनीच पाठवले होते. त्याच्या बदल्यात त्यांनी जो खेळाडू आणला, तो त्या वेळी जिल्ह्यात कोणत्याही मंडळाला नको होता.

गाव त्यांना तातू म्हणत असे. मच्छीमार होड्यांची इंजिने दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, माडांच्या सावलीत त्यांची पत्र्याची शेड होती. इंजिन खोलले की त्याचे सुटे भाग ते गोणपाटावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवत, आणि कोणी एखादा भाग उचलून पाहिला तर काम थांबवून तो पुन्हा जागेवर ठेवेपर्यंत त्याच्याकडे बघत राहत. साडेचार वाजता हात रॉकेलने पुसून ते मैदानावर जात. गावच्या क्रीडामंडळाचा संघ त्यांनी सव्वीस वर्षे शिकवला. त्यांचा एक नियम होता, आणि त्यात त्यांनी कधी सूट दिली नाही. आपल्याला स्पर्श झाला असेल तर हात आपणच वर करायचा. पंचाने पाहिले की नाही, याची वाट बघायची नाही. मिठबावचे खेळाडू बाद झाले की शिटीच्या आधी हात वर करून बाहेर चालू लागत. दुसऱ्या गावांत याची चेष्टा होई. दैनिकाचा वार्ताहर म्हणून मीही संघाच्या गाडीत असे, आणि ती मैदानाशी थांबली की कोणीतरी ओरडायचेच, "इले रे, मिठबावचे हातवाले इले! पंचांनू, तुमी आता घराक जावा!" तातू खाली उतरत आणि त्यालाच विचारत, "पाणी खंय आसा?"

तीन वर्षांपूर्वी संघाची स्थिती अशी होती की पकड उत्तम आणि चढाईला माणूस नाही. मंगेश डाव्या कोपऱ्यात खेळायचा. त्याच्या हातात घोटा सापडला की सुटत नसे. पण नुसत्या पकडीवर सामने निघेनात. संघ सलग काही वर्षे उपांत्य फेरीतून परत येत होता. जिल्ह्यात तेव्हा सर्वांत चांगला चढाईपटू होता खारेपाटणचा प्रसाद गुरव. वय चोवीस. सगळे त्याला पश्या म्हणत. त्याच्या गतीबद्दल दुमत नव्हते, आणि त्याच्या डोक्याबद्दलही नव्हते. प्रतिस्पर्ध्याशी, रेषापंचाशी, एकदा तर दोरीबाहेर बसलेल्या प्रेक्षकाशी त्याचे वाजले होते. बांद्याच्या एका स्पर्धेनंतर तो हंगामभर निलंबित होता. त्या स्पर्धेची बातमी मी दिली होती. मथळा होता, 'खेळाडूकडून पंचाला मारहाण'.

प्रसादला घ्यावे, असे तातूंनी मंडळाच्या सभेत सुचवले तेव्हा अध्यक्ष अण्णा जोगल यांनी खिशातून तेच कात्रण काढून टेबलावर ठेवले. मी सभेला हजर होतो. अण्णांनी बातमी मोठ्याने वाचली. "तातू, ह्यो आमच्या मैदानाक आग लावतलो," ते म्हणाले.

"लावूं दे. पाणी माझ्याकडे आसा."

सभा हसली. तातू हसले नाहीत. त्यांनी कात्रण हातात घेतले, चष्मा लावून पूर्ण वाचले आणि माझ्याकडे वळले. "मारल्यान, असा लिवलंस. तू डोळ्यान बघितलंस?"

मी पाहिले नव्हते. मी त्या दिवशी कणकवलीत होतो. आयोजकांपैकी एकाने फोनवर सांगितले, ते मी लिहिले होते. तसे मी सांगितले. तातू म्हणाले, "बरा," आणि कात्रण घडी करून अण्णांना परत दिले. निर्णय पुढच्या रविवारपर्यंत थांबला.

गुरुवारी ते एसटीने बांद्याला गेले. सोबत मला येण्यास सांगितले. कशाला, ते सांगितले नाही. त्या सामन्याचे पंच एका शाळेत शिक्षक होते. मधल्या सुट्टीत ते व्हरांड्यात भेटले. तातूंनी सरळ विचारले. पंच म्हणाले, "माका कोणी मारूक नाय. माझ्या हातातली शिटी ओढून घेतल्यान आणि बाजूच्या शेतात टाकल्यान. इतक्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत येतंय तर ह्यो शेतात वाकान शिटी शोधता! रात्री खंय रवललो कोण जाणे."

"गावली?"

"गावली. धुवून आणून दिल्यान. माफी मागूक नाय हां. माका म्हणता कसो, तेका पाय लागललो, तेणां हात वर करूक नाय, आणि तुमी बघूक नाय."

तातूंनी विचारले, लागला होता का. पंच म्हणाले, "मागसून त्या पोरानच कबूल केल्यान. लागललो."

परतीच्या एसटीत तातू खिडकीशी बसले होते. सावंतवाडी गेल्यावर बोलले. "इंजिन तापता म्हणान कोण दर्यात टाकता? पाणी खंय अडाकला ता बघूचा लागता. ह्याचा माका गावला. खोट्याक तापता." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा काय ता तू बघ." दोन दिवसांनी आमच्या दैनिकात आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती आली. मारहाण झाली नव्हती, शिटी हिसकावली गेली होती. रविवारच्या सभेत तातूंनी त्या चार ओळी वाचून दाखवल्या. प्रसादला घेण्याचा ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. अण्णांचे मत विरोधात होते आणि ते त्यांनी नोंदवून घेतले.

अडचण त्यानंतर आली. खेळाडूने मंडळ बदलायचे तर जुन्या मंडळाचा ना हरकत दाखला लागतो. खारेपाटणच्या मंडळाने कळवले की दाखला देऊ, पण तुमचा डावा कोपरा आम्हाला द्या. म्हणजे मंगेश. अण्णांना वाटले, विषय संपला. त्यांनी पत्र तातूंच्या शेडवर स्वतः नेऊन दिले. तातूंनी ते वाचले आणि विचारले, "मंगेशच्या दाखल्यार सही तुमची लागतली ना?"

"तातू, तुझो झील तो!"

"म्हणान इचारतंय. दुसऱ्याचो झील मी देव शकतंय काय?"

घरी हे इतके सोपे झाले नाही. मंगेशने होकार दिला, पण तो बापाने मागितला म्हणून. त्या संध्याकाळी मी त्यांच्या पडवीत होतो. मंगेशने दाखल्याच्या अर्जावर सही केली, पेन टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "बाबानू, इंजिनाबरोबर माका पण गिऱ्हाईकाक दिलात." त्याच्या आईने आतून ऐकवले, "घरातलो झील दिलात आणि भायरलो वांड हाडलात. आता तेका जेवूक पण हयच वाढा!" तातू म्हणाले, "वाढ." प्रसाद पुढचा दीड महिना त्यांच्याच घरी राहिला आणि मंगेशच्या खोलीत झोपला. बाप-लेकाचे बोलणे त्यानंतर जवळजवळ आठ महिने बंद होते. मंगेशला खारेपाटणजवळ नोकरी मिळाली आणि तो तिथेच राहू लागला. तातूंनी या काळात एकदाही निर्णय चुकला असे म्हटले नाही. मी दोनदा विचारले होते.

पश्यासाठी त्यांनी एक नवा नियम केला. घरातून स्टीलचा तांब्या आणला, पाण्याने भरला आणि मैदानाच्या मागच्या रेषेबाहेर ठेवला. राग आला की पंचाकडे जायचे नाही, मागच्या रेषेकडे चालत जायचे. घोटभर पाणी प्यायचे, मग काय बोलायचे ते बोलायचे. "पंच खंय पळान जाणा नाय," ते म्हणत. पहिल्या आठवड्यात पश्याने तो तांब्या उचलून मैदानाच्या कुंपणावर फेकला. कडेला मोठा पोचा पडला. तातू गेले, तांब्या उचलला, विहिरीवरून भरून आणला आणि पुन्हा त्याच जागी ठेवला. "थंड आसा. पी," ते म्हणाले. पश्या प्यायला नाही. पण परत फेकलाही नाही.

यश लगेच आले असे नाही. पहिल्या हंगामात पश्याला दोनदा मैदानाबाहेर काढले. दुसऱ्या वेळी संघ जिंकत असलेला सामना हरला, आणि अण्णांनी त्याला परत पाठवण्याची मागणी लेखी केली. सभेत अण्णांनी तातूंना विचारले, अजून किती दिवस? तातू म्हणाले, "इंजिन खोललंय. भाग सगळे गोणपाटार आसत. आता अर्ध्यार उठान जातलंय काय?" त्यांनी सांगितले की पश्या गेला तर तेही जातील. अण्णांनी पत्र मागे घेतले. दुसऱ्या हंगामात पश्या एकदाही बाहेर गेला नाही. भांडला मात्र अनेकदा, पण पाणी पिऊन. एकदा तो मागच्या रेषेपर्यंत गेला, पाणी प्यायला, परत आला आणि पंचांना म्हणाला, "काय बोलूचा होता ता इसारलंय." त्या दिवशी तातू हसलेले मी पाहिले. स्वतः बाद झाल्यावर हात वर करायला त्याला शिकवावे लागले नाही. तो ते आधीपासून करत होता. त्याच्या जुन्या संघातले खेळाडू त्याला त्यासाठी शिव्या देत.

मंगेशचा अबोला कसा सुटला, हे मला दोघांपैकी कोणीच नीट सांगितले नाही. मंगेशने एकदा फोन करून विचारले की आपल्या खेळाडूंना हात वर करायला कसे शिकवू, ते ऐकत नाहीत. तातू म्हणाले, "तू कर. बाकीचे बघतले." एवढे मला ठाऊक आहे.

मृत्यूच्या चार दिवस आधी मी तातूंना भेटलो. ते पडवीत आरामखुर्चीत होते, श्वास जड होता. सामन्याला त्यांना खुर्चीसकट उचलून न्यायचे ठरले होते, आणि उचलणाऱ्यांत अण्णाही होते. "खंयच्या बाजूक बसतलात?" मी विचारले. दोन्ही संघ तुमचेच, असे मला म्हणायचे होते. "मधल्या रेषेर," ते म्हणाले. "अण्णाक सांग, माका पाडल्यान तर फाऊल."

सामना ठरल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता सुरू झाला. मधल्या रेषेच्या टोकाला कोणतीही खुर्ची ठेवली नव्हती. मिठबावच्या मागच्या रेषेबाहेर पोचा पडलेला तांब्या होता. तो मध्यंतरात बाजू बदलताना पश्याने स्वतः उचलून नेला. शेवटच्या चढाईला दोन्ही संघांचे सत्तावीस गुण होते. चढाई पश्याची होती. पुढचे मी मैदानाच्या उजव्या बाजूला, दोरीपासून पाच हातांवर उभा राहून पाहिले. पश्याने डाव्या कोपऱ्यात पाय टाकला. मंगेश घोट्यावर झेपावला, पकड हुकली, पश्या मध्यरेषा ओलांडून परत आला आणि त्याने मंगेशकडे बोट दाखवले. पंचांनी नकारार्थी मान हलवली. रेषापंचांनी काही पाहिले नव्हते. पश्या दोन पावले पंचांच्या दिशेने गेला, थांबला, वळला आणि मागच्या रेषेकडे चालू लागला. त्याने तांब्या उचलला. तो तोंडाला लावण्याआधी समोरच्या बाजूला मंगेशचा उजवा हात वर गेला होता.

पंचांनी जवळ जाऊन त्याला विचारले.

"लागलो," मंगेश म्हणाला.

मिठबाव २८, खारेपाटण २७.