स्वेच्छेने कापलेला पगार

शेणव्याजवळच्या एका पाड्यावर मी प्राथमिक शिक्षिका आहे. टाळेबंदीत शाळा बंद झाली आणि मला कसाऱ्याला, घाटाखालच्या तपासणी नाक्यावर नेमलं. मुंबईकडून चालत आलेल्या माणसांची नावं, गावं आणि ताप रजिस्टरात लिहायचा. सोबत रुग्णवाहिकेचा चालक असायचा. मुरबाडकडचा, पस्तिशीतला, कंत्राटावर लागलेला.

मोबाइलवर एकामागून एक परिपत्रकं येऊ लागली. पगार दोन टप्प्यांत मिळेल. महागाई भत्ता गोठवला आहे. मग तिसरं आलं: एका दिवसाचं वेतन मदतनिधीसाठी स्वेच्छेने कापण्यात येईल, हरकत असल्यास लेखी कळवावे.

टप्प्यांचं एक वेळ मी समजून घेतलं. तिजोरीत खडखडाट आहे म्हणतात, असेल. पण ‘स्वेच्छेने कापण्यात येईल’ असं चौथीच्या मुलाने लिहिलं असतं, तर मी त्याच्याकडून ते वाक्य पुन्हा लिहून घेतलं असतं. इच्छा माझी आणि कात्री यांच्या हातात?

त्यात पेट्रोलवरचा कर वाढला. जगात तेल मातीमोल झाल्याच्या बातम्या टीव्हीवर, आणि पंपावर भाव चढलेला. एसटी बंद, म्हणून मी रोज शहापूरहून स्कूटरने जायची. सरकारच्या कामाला जाताना सरकारलाच जास्तीचा कर भरायचा. आणि प्रवासभत्ता मागितला, तर ‘सध्या तरतूद नाही’.

मी हरकत लिहून दिली. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांचा फोन आला.

“बाई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. सगळ्यांत तुमचंच नाव वेगळं दिसतंय.”

“साहेब, नाक्यावर माणसं उपाशी येतात. त्यांच्यासाठी बिस्किटं मी माझ्या पैशाने आणते. द्यायला माझी ना नाही. मला न विचारता घ्यायला आहे.”

“लोक काय म्हणतील?”

“मग हरकत लिहायची सोय ठेवली कशाला?”

त्यांनी फोन ठेवला. चालक शेजारीच उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं, जरा तावातावानेच.

“ताई, तुमचा कापतात, म्हंजे येतो तरी,” तो म्हणाला. “माझा तीन महिने कापायलाबी आला नाय.”

“मग तू बोलत का नाहीस?”

“कोणाला बोलू? आमचा ठेकेदार फोन उचलत नाय. ऑफिसात गेलो, तर म्हणतात तू आमचा माणूस नाय.”

मला माझीच लाज वाटली. रोज माझ्या डब्यातली भाजी खाणाऱ्या या माणसाला त्याचा पगार झाला का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

नाक्यांच्या कामाच्या पुढच्या बैठकीत मी उठून त्याचंच विचारलं. साहेबांनी कागदावरून नजर उचलली नाही. “तो विषय आपल्या कक्षेत येत नाही, बाई. बसा.” सभागृहात कुणी हूं की चूं केलं नाही. नंतर जिन्यात दोघी शिक्षिका माझा दंड दाबून म्हणाल्या, “बरं बोललीस हं.” आत असताना त्यांना काय झालं होतं?

माझं वेतन कापलं गेलंच. अर्ज मुदतीनंतर मिळाला, असा शेरा आला. मी तो मुदतीच्या दोन दिवस आधी, पोच घेऊन दिला होता. पोच दाखवली, तर कारकून म्हणाला, “आता पगाराचं बिल वर गेलं, बाई.” अडकलेला दुसरा टप्पा कित्येक महिन्यांनी मिळाला.

चालकाने पावसाळ्यातच काम सोडलं. परवा शहापूरच्या बाजारात भेटला, भिवंडीच्या गोदामाचा टेम्पो चालवतो. थकलेलं मिळालं का, विचारलं.

“एक महिन्याचं आलं. मग ठेकेदारच बदलला,” तो म्हणाला. “नवा म्हनतो, जुन्याकडं माग.”

तो हसला. मला हसता आलं नाही.