सुमनवहिनींचं विमान

वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर शेजारच्या सुमनवहिनी विमानाच्या पंखावर कापड ताणून बसवत होत्या. पन्नाशीच्या वहिनी दिवसा पंपदुरुस्तीचं दुकान चालवतात आणि संध्याकाळी, खालच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत, स्वतः बसून उडायचं विमान बांधतात.

माझ्या मागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"वहिनी, रविवारपर्यंत हा पसारा हलवा. या वयात शोभतं का हे? आणि उडणार आहे थोडंच!"

"हलवते की, माळावर नेते," वहिनी म्हणाल्या. "पण उडेल की नाही ते वारा ठरवेल, तुमची मीटिंग नाही."

त्यांनी पंख उचलून वाऱ्यासमोर धरला. कापड फुगलं आणि वहिनींच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. क्षणभरच, बोटभरच. सेक्रेटरी दोन पावलं मागे सरकले.

पाय जमिनीवर ठेव, हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि मुलीलाही तेच सांगत आले. जमीन कुठे पळून जाणार आहे, असं त्या संध्याकाळी पहिल्यांदाच वाटलं. सेक्रेटरींच्या देखत मी पुढे झाले आणि पंखाचं दुसरं टोक धरलं.

"घट्ट धरा हं," वहिनी हसल्या. "ओढ लागते."

लागली.