समोरच्या प्लॉटवरची मेथी

जुन्या जालन्यात आमच्या घरासमोर एक रिकामा प्लॉट होता. मालक पुण्याला, इकडं कधी फिरकायचा नाही. गल्लीनं तिथं उकिरडा केला होता. शेजारी भाड्यानं राहणारी, भोकरदनकडची एक शिक्षिका एकदा माझ्याकडं आली. म्हणाली, तिथं भाजीपाला लावू. जो राबेल त्यानं घरी न्यावा, उरलेलं दर रविवारी मोंढ्याच्या धान्यबाजारातल्या हमालांसाठी रांधू. पैसे ती मोबाइलवर आवाहन करून लोकांकडून जमवणार होती.

मी जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. नोकरीभर हेच पाहिलं: आधी चार झाडं, मग कुंपण, मग पत्र्याचं शेड, शेवटी कोर्टात ताब्याचा दावा. शिवाय न पाहिलेल्या गल्लीतल्या वांग्यांसाठी कुणी परका पैसे का पाठवेल? पण लोकांनी पाठवले. उकिरडा उचलला गेला, काळी माती आली, मेथी उगवली. पहिली जुडी तिनं मला पाठवली, ती मी बायकोला रांधू दिली, पण प्रत्येक घासाला वाटलं, ही शिक्षिका आपलं तोंड बंद करून राह्यली.

पुढं तारेचं कुंपण झालं, फाटकाला कुलूप लागलं. विचारलं तर म्हणाली, "शेळ्या शिरून राह्यल्या, काका." मला पटलं नाही. जुन्या सहकाऱ्याकडून मालकाचा नंबर मिळवला आणि सांगून टाकलं, तुमची जागा चालली.

चौथ्या दिवशी मालक आला, सोबत दलाल. साफ झालेली जागा पाहून दोघं खूश. आठ दिवसांत सगळं काढा, असं त्यानं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "तुम्हीच तर फोनवर भाजी लावा म्हणला होता."

"तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं," तो म्हणाला.

मी तिथंच उभा होतो. तिनं परवानगी घेतली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वांग्याची रोपं काढत होती. मी जाऊन सांगितलं, फोन मीच केला होता. ती वळली नाही. पुढचं रोप मुळासकट उचलत म्हणाली, "आधी मला विचारायचं ना, काका."

मी खुरपं घेतलं. दुपारपर्यंत आम्ही रोपं उपटून ओल्या पोत्यात गुंडाळत होतो. रोपं आता कुठं लावणार, हे तिनं मला सांगितलं नाही.