पाठकोऱ्या कागदावरची ताई

ताईचं ठरत आलेलं लग्न मी एका चित्रापायी मोडलं, आणि ते चित्रही धड आलेलं नव्हतं.

तेव्हा मी पंधरा वर्षांची. हैदराबादच्या मामानं रद्दीच्या बाजारातून जुन्या इंग्रजी कॉमिक्सचा गठ्ठा आणला होता. सगळ्यांत तेच: शाळेतला एक पोरगा, त्याच्यामागं दोन पोरी, आणि डोक्यातून वाफा काढणारा एकीचा बाप. गठ्ठ्यात त्यांची नक्कल केलेली स्वस्त कॉमिक्सही होती. त्यांत पोरगा तोच, फक्त भांग दुसऱ्या बाजूला. एवढंच करायचं असेल तर ते सोनपेठातही करता येईल, असं मला वाटलं. (असं वाटण्याचं वय फार वाईट.)

माझा हिरो सायकल घेऊन सोनपेठच्या स्टँडवर उभा असायचा. हिरोईनसाठी मला एकच चेहरा काढता येत होता, तो ताईचा. दोन वेण्या, हनुवटीवर तीळ. ती सायकलच्या दांडीवर बसून म्हणायची, "लवकर चल, आण्णा परभणीला गेलेत."

हे लपवायचं कुठं? आमचे आण्णा मास्तर. कोरा कागद त्यांच्या लेखी सरकारचा. घरचं सगळं लिहायचं ते पाठकोऱ्यावर, म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. त्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातला कागद आजवर कुणी उलटून पाहिला नव्हता. मी चित्रकलेच्या वहीतून फाडलेलं माझं पान पालथं घालून, कोरी बाजू वर करून तिथंच सरकवलं.

त्याच आठवड्यात पाथरीचे पाहुणे ताईला पसंत करून गेले आणि पत्रिका जुळवायला त्यांनी तिच्या जन्मवेळेचं टिपण मागितलं. ताईला मुलगा मनापासून आवडला होता. भाकरी थापताना ती चक्क गुणगुणायला लागली. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसटी कधी चालू, कधी बंद. त्या दिवशी चालू आहे म्हणताच आण्णांनी हाताला आला तो पाठकोरा कागद ओढला, सुवाच्य अक्षरात टिपण लिहिलं आणि पाकीट कंडक्टरच्या हाती दिलं.

चौथ्या दिवशी मुलाचे मामा तो कागद घेऊन दारात उभे.

"गुरुजी, पालथा करून बघा."

आण्णांनी बघितलं. "ही आमची मुलगी नाही," ते कसंबसं म्हणाले.

"तीळ तर तिचाच हाय की. अन् ह्यो सायकलवाला कोन?"

"मी काढलंय ते," मी रडत पुढं झाले. "समदं खोटं हाय."

"बहिणीला वाचवायलीस व्हय? बरं, माझं चित्र काढून दाखव."

मी काढलं. जीव ओतून काढलं. मिशा झकास आल्या, पण खाली हनुवटीवर तीळ आला आणि दोन्ही कानांमागून वेण्या. मामांनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"काढणारी हीच हाय, पटलं," ते म्हणाले. "पर असल्या घरात सोयरीक करायची न्हाई आमाला."

टिपण बाजेवर ठेवून, चहा न घेताच ते गेले. ताई चुलीपुढं बसून रडली. तिनं दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं. आण्णांनी मामांचं चित्र उचललं, मागची बाजू कोरी आहे हे पाहिलं आणि सवयीनं गठ्ठ्यात ठेवून दिलं.

पुढं मी लिहायला लागले आणि संपादकांनी माझं पुष्कळ साहित्य साभार परत केलं. पण साहित्याबरोबर सबंध बहीण परत केली ती फक्त पाथरीकरांनी.