मामाजींचा खांदा

दुखणं जिथे दुखतं तिथे ते कधीच नसतं, अशी ठाम श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या विदर्भात एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मीही त्यांना मामाजीच म्हणतो. नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग. पान पिवळं पडलं की पानावर औषध मारत बसायचं नाही, आधी मूळ उकरून पाहायचं, हे बागवाल्यांचं शहाणपण. मामाजींनी ते कुंपणाबाहेर काढून साऱ्या जगाला लावलं. माझी दाढ ठणकली तर त्यांनी मान चोळून दिली. बायकोनं गुडघा धरला तर तिच्या चपला बदलायला लावल्या. आमच्या मोरीतला नळ गळायला लागला, तेव्हा वॉशर पाहायचं सोडून हे गृहस्थ दिवसभर गच्चीवर टाकीपाशी. नळ गळतच राहिला, टाकी मात्र लख्ख निघाली. शेजारीण नवऱ्यावर ओरडू लागली की म्हणायचे, “त्या माणसाचा काही कसूर नाही. तिच्या भावाचा फोन नसन आला.” आणि पंचाईत अशी, की चौकशी केल्यावर ते खरं निघालं.

गेल्या हिवाळ्यात ते नागपूरला, प्रतापनगरात आमच्या घरी आले ते स्वतःचा उजवा खांदा घेऊन. डॉक्टरांनी हात वर करून, मागे वळवून पाहिला, एक्स-रे काढला. खांद्यात काही नव्हतं. मग डॉक्टर म्हणाले की कधी कधी पित्ताशयाचं दुखणं खांद्यात उमटतं, सोनोग्राफी करून पाहू. मामाजी इतके खूश झाले की त्या डॉक्टरांना बागेत यायचं आमंत्रणच देऊन आले. सोनोग्राफीत पित्ताशय निर्दोष सुटलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. पुढे त्यांनी आमची उशी बदलली, पलंगाची दिशा बदलली, नळाच्या पाण्यावर संशय घेतला. खांदा दुखायचा तो फक्त उन्हं कलल्यावर. तेव्हा ते गॅलरीत खुर्ची टाकून, डावा हात उजव्या खांद्यावर ठेवून, काटोलकडे, म्हणजे बागेच्या वाटेकडे, तोंड करून बसत.

खरी गोष्ट माझ्या बायकोनं हळूहळू काढून घेतली. हिवाळ्यात संत्र्याला ताण देतात. म्हणजे पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून येतं. विहिरीजवळचं एक झाड मामींनी स्वतः लावलेलं. त्याची पानं माना टाकताना त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी गुपचूप बादलीभर पाणी घातलं. मामाजींना ओली माती दिसली आणि ते बागेतल्या मजुरांसमोर मामींना नाही नाही ते बोलले. मामींनी अबोला धरला. मामाजींनी एसटी धरली. आता तूच फोन कर, असं भाचीनं किती विनवलं, पण गडी ऐकेना. “ताण मधातच तोडला तर बहार फुटत नाही,” म्हणायचे. फोन वाजला की मात्र जेवता जेवता उठायचे आणि दुसऱ्याच कोणाचा असला की उरलेली भाकर तशीच ठेवायचे. मामींच्या आठवणीनं तो माणूस आतून वाळत चालला होता आणि खांद्याला बाम चोळत होता.

संक्रांत आली, बागेत पाणी सोडायची वेळ झाली, आणि एका दुपारी मामींचा फोन आला. गडबडीत मामाजींचा अंगठा स्पीकरवर पडला, त्यामुळे आम्हीही ऐकलं. तिकडून ना कसे आहात, ना काही.

“पाय दुखून राहिला माहा.”

मामाजींना एकदम तरतरी आली. पाय दुखतो म्हणजे कंबर असेल, कंबर नसेल तर चपला पाहा, बाज सैल झाली असेल, असं त्यांचं बराच वेळ चाललं. मामींनी सगळं ऐकून घेतलं.

“कंबर नाही अन् चपला नाही,” त्या म्हणाल्या. “पाय माहा दुखते, दुखणं तिकडं प्रतापनगरात बसलं हाये.”

मामाजींनी घसा साफ करून विचारलं, “पाणी सोडलं का बागेले?”

“तुमी आल्याशिवाय कोण सोडन?”

“त्या विहिरीजवळच्या झाडाले तरी द्यायचं होतं वं.”

मामाजींच्या तोंडून याहून मोठी माफी निघणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते गेले. पिशवी त्याच उजव्या खांद्याला होती.

बाग फुलली तेव्हा त्यांनी आम्हाला व्हिडिओ कॉल करून झाड न् झाड दाखवलं. मागे मामी उभ्या होत्या. फुलं छान दिसली, वास तेवढा आला नाही. आता ते नागपूरला यायचं नाव काढत नाहीत, आणि काढतील तरी कशाला? गॅलरीतली खुर्ची आम्ही अजून आत घेतलेली नाही. संध्याकाळी तिच्याकडे पाहिलं की माझी मान अवघडते. मी फोन लावतो, ते मला चपला पाहायला सांगतात. परवा मी त्यांना विचारलं, मामाजी, खांदा कसा आहे? “कोणता खांदा?” ते म्हणाले. ऐकून बरं वाटलं. पण त्यांचा खांदा पुन्हा थोडासा, चार दिवसांपुरता तरी दुखावा, असं मला फार वाटतं.